पाण्यावर एक नजर हवी

दिवाळी आटोपली, धानाची कापणी-मळणी उरकत आली की भंडारा जिल्ह्यात सहलींचे दिवस सुरू होतात. कार्तिकात आवळीभोजन, पुढे थंडी पडली की रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत. पूर्वी हे बेत गावच्या तलावाच्या पाळीवर किंवा नदीकाठच्या आमराईत व्हायचे. आता गाड्या निघतात त्या बहुधा गोसीखुर्दच्या दिशेने. पवनी तालुक्यात गोसे गावाजवळ वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. काम अनेक वर्षे रेंगाळले. पण आज ३३ दरवाज्यांमागे अडलेले पाणी थेट भंडारा शहराच्या जवळपर्यंत पसरलेले दिसते. पलीकडचा काठ धूसर व्हावा एवढा हा विस्तार आहे. समुद्र न पाहिलेल्या पोरांना तो समुद्रच वाटतो.

त्यात अंभोऱ्याची भर पडली. वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी आणि मुर्झा या पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचे देवस्थान आणि आता नागपूर-भंडारा जिल्ह्यांना जोडणारा, वरच्या गॅलरीतून जलाशय दाखवणारा केबलचा पूल. जलाशयावर बोटी आहेत, शासनाने जलपर्यटनाचा प्रकल्पही हाती घेतला आहे. पुढच्या काही वर्षांत येथे येणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढतच जाणार.

हे चांगलेच आहे. मोबाइलवर खिळलेली मुले, गुडघे धरून घरात बसलेले आजी-आजोबा आणि सुट्टीच्या दिवशीही फोन न सोडणारे वडील एका सतरंजीवर येतात, ऊन अंगावर घेतात, चार पावले चालतात. कोणताही डॉक्टर याच्या आड येणार नाही. फक्त सहलीची तयारी करताना डब्यात काय न्यायचे यावर जेवढी चर्चा होते, तेवढी पाण्याजवळ कोण कुठे बसणार यावर होत नाही.

बुडण्याने होणारे मृत्यू हा आपल्याकडे आरोग्याचा प्रश्न मानलाच जात नाही. ती ‘दुर्घटना’ असते, वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, म्हणजे दर तासाला ३० हून अधिक. त्यांत जवळजवळ पाव हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली बुडून झालेले ३८ हजारांहून अधिक मृत्यू नोंदवले आहेत. यांतले बरेचसे मृत्यू पोहायला शिकलेल्यांच्या स्पर्धेत किंवा खोल समुद्रात झालेले नाहीत. ते घराजवळच्या विहिरीत, तलावात, नदीत आणि धरणात झालेले आहेत, आणि अनेकदा घरची माणसे हाकेच्या अंतरावर असताना.

धरणाचे पाणी नदीसारखे नसते

नदीकाठी वाढलेल्या माणसालाही धरणाचा जलाशय फसवतो. नदीला पात्र असते, काठ असतो, डोह कुठे आहे हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. जलाशयाचा काठ मात्र कायमचा नसतो. पावसाळ्यानंतर पाणी जिथे असते तिथे मे महिन्यात चिखल आणि भेगाळलेली जमीन असते. आज जो ‘काठ’ आहे तो काही महिन्यांपूर्वी पाण्याखाली होता किंवा त्याहून पूर्वी कुणाचे शेत होता. बुडीत क्षेत्रातल्या गावांचे बांध, नाले, विहिरी, तोडलेल्या झाडांचे बुंधे हे सगळे आता पाण्याखाली आहे. गुडघाभर पाण्यातून चार पावले पुढे टाकली की जुन्या नाल्याचा उतार लागतो आणि पाणी एकदम डोक्यावरून जाते. तळाशी नदीने आणून टाकलेला मऊ गाळ असतो. त्यात पाय रुतला की माणूस पाय सोडवायला वाकतो, तोल जातो आणि तोंड पाण्याखाली जाते.

त्यावर इकॉर्नियाची चादर. वैनगंगेच्या पात्रात आणि बॅकवॉटरमध्ये ही जलपर्णी एवढी दाट वाढते की लहान मुलाला ती हिरवळ वाटते. खाली पाणी आहे हे पाय टाकल्यावरच कळते आणि मग मुळांच्या जाळ्यात हातपाय हलवणे मोठ्या माणसालाही अवघड जाते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. मोकळ्या पाण्याचा पट्टा जितका लांब, तितक्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा मोठ्या. सकाळी आरशासारखा असलेला जलाशय उन्हाळ्यातल्या दुपारी वळवाच्या वाऱ्याने काही मिनिटांत उसळतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात हेच घडले. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट सायंकाळी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन लहान मुले होती. ती माणसे मौजमजेला निघालेली नव्हती, पाणी ओलांडून पलीकडे जात होती. पण वारा तो भेद करत नाही.

धरणाच्या खालच्या अंगाला बसणाऱ्यांसाठी धोका वेगळा आहे. दरवाजे उघडले की पात्रातले पाणी वाढते आणि त्यासाठी तुमच्या डोक्यावर ढग असण्याची गरज नसते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा जिल्ह्याने जो पूर पाहिला, त्यामागे मध्य प्रदेशातला पाऊस आणि सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरासारख्या वरच्या धरणांतून सोडलेले पाणी हे मोठे कारण होते. त्याच न्यायाने लोणावळ्याला ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आधी ते पाण्यात निवांत उभे होते, आणि पाहता पाहता पाणी वाढले. पात्राच्या मध्यात खडकावर सतरंजी टाकणे म्हणूनच वेडेपणा आहे, मग फोटो कितीही चांगला येवो.

ही माहिती कुठल्या फलकावर सापडत नाही. ती असते धिवर बांधवांकडे. ज्यांचे वाडवडील या नदीत डोंगे घालत आले, त्यांना जुने पात्र कुठून जाते, गाळ कुठे आहे, वारा कधी उठतो हे माहीत असते. काठावर पोहोचल्यावर पहिले काम म्हणून त्यांना विचारावे. पाच मिनिटे लागतात.

बुडणारा ओरडत नाही

चित्रपटाने आपल्या मनात एक चित्र पक्के केले आहे. बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा, वाचवा’ म्हणतो, पाणी उडवतो. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. ओरडायला आधी श्वास लागतो. ज्याचे तोंड क्षणभरच पाण्याबाहेर येते, तो त्या क्षणात श्वास घेतो. हाक मारायला हवा उरतच नाही. हात वर करून हलवणेही त्याच्या हाती राहत नाही, कारण शरीर आपोआप दोन्ही हातांनी पाणी खाली दाबत असते, शिडी चढल्यासारखे. माणूस पाण्यात उभा दिसतो, पाय मारत नाही, डोके मागे झुकलेले, तोंड पाण्याच्या पातळीला, केस कपाळावर आलेले, डोळे काचेसारखे. लहान मूल असे मिनिटभरही टिकत नाही, वीस-तीस सेकंदांतच खाली जाऊ शकते. काठावरून पाहणाऱ्याला ते खेळताना दिसते. खेळणारी मुले आवाज करतात. पाण्यातले मूल अचानक गप्प झाले तर ते पाहायलाच हवे.

म्हणूनच दहा मोठी माणसे काठावर असणे ही सुरक्षितता नव्हे. उलट माणसे जितकी जास्त, तितका प्रत्येकाचा समज पक्का की दुसरे कुणीतरी बघत असेल. काकू रोडगे भाजताहेत, काका निखाऱ्यांशी, भाऊजी फोनवर, आजी नातवाला हाक मारतात पण उठू शकत नाहीत. यावर उपाय साधा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. एका वेळी एकाच मोठ्या माणसाचे नाव घेऊन त्याला पाण्यावरच्या पहाऱ्यावर बसवायचे. वीस मिनिटे, मग दुसरा. पहाऱ्यावरच्या माणसाने फोन खिशात ठेवायचा, गप्पांत पडायचे नाही, दारू घेतलेली नसावी. पाच वर्षांखालील मूल पाण्याजवळ असेल तर पहारेकरी त्याच्यापासून हातभर अंतरावर, हात लांब केला की मूल हाती येईल इतका जवळ.

दारूचा विषय निघालाच आहे. सहलीत ती असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दारू तोल घालवते, अंदाज बिघडवते आणि आपण उत्तम पोहतो हा भ्रम वाढवते. ज्याने घेतली आहे त्याने पाण्यात उतरू नये, बोट चालवू नये, पहाराही देऊ नये. ज्यांना मिरगीचे झटके येतात त्यांच्यासाठीही पाण्यातला धोका अनेक पटींनी मोठा आहे. औषध नियमित असले तरी ते एकटे पाण्यात उतरू नयेत, बोटीतही जॅकेट घालूनच बसावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी पाण्यात जाऊ नये.

लाइफ जॅकेटबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. बोटीत टाकलेले जॅकेट म्हणजे सुरक्षा, असा. बोट उलटल्यावर पाण्यात जॅकेट घालता येत नाही. ते काठावरच, बोटीत पाय ठेवण्याआधी घालायचे आणि सगळे पट्टे बांधायचे. मुलाला घातल्यावर दोन्ही खांद्यांवरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते हनुवटीवर किंवा कानांपर्यंत सरकले तर मोठे आहे, पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही लावावा. प्लास्टिकचा फुगवलेला बदक आणि गाडीची ट्यूब ही खेळणी आहेत. बोटचालक जॅकेट देत नसेल, किंवा ‘बसा हो, काही होत नाही’ म्हणत दोन माणसे जास्त घेत असेल, तर मुलांचा हिरमोड झाला तरी उतरावे.

बोटीच्या धुराकडेही कुणी लक्ष देत नाही. अमेरिकेच्या वाळवंटात कोलोरॅडो नदीवरचा लेक पॉवेल हा जलाशय हाउसबोटींसाठी प्रसिद्ध आहे. २००० च्या सुमारास तेथे पोहणाऱ्यांच्या मृत्यूंचा शोध घेतला गेला, तेव्हा कळले की काही जण पाण्याने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध पडले होते. जनरेटरचा धूर बोटीच्या मागच्या फळीखालच्या पोकळीत साठत होता आणि मुले नेमकी तिथेच खेळत होती. या वायूला वास नाही, रंग नाही. आपल्याकडच्या उघड्या बोटीत हा धोका कमी आहे, पण इंजीन सुरू असताना मागे लोंबकळणे आणि त्याच्या धुरात बसून राहणे टाळावे हे बरे.

बाहेर काढल्यावरची पाच मिनिटे

कुणी बुडताना दिसले की आपल्याकडे पहिली उडी भाऊ मारतो, त्याच्यामागून मित्र, आणि मग बातमीत एकाऐवजी तीन नावे येतात. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला खाली ओढतो, तो त्याचा दोष नाही. पोहता येणे वेगळे, बुडणाऱ्याला ओढून आणणे वेगळे. काठावरूनच काहीतरी फेकावे. दोर नसेल तर साडी, ओढणी, बांबू. तरंगायला रिकामा झाकणबंद पाण्याचा कॅन किंवा गाडीची स्टेपनी. जमिनीवर पालथे पडून हात किंवा काठी पुढे करावी, म्हणजे स्वतः ओढले जाण्याचा धोका कमी होतो. एकाने त्याच वेळी १०८ वर फोन लावावा आणि धिवरांना, बोटवाल्यांना हाक मारावी.

माणूस काठावर आला की सर्वात मोठी चूक घडते. कुणी त्याला उलटे धरते, कुणी डोक्यावर घेऊन गरगर फिरवते, कुणी पालथे टाकून पोट दाबते. ‘पाणी काढायला हवे’ हा समज खोल रुजलेला आहे. आणि या सगळ्यात जी मिनिटे जातात, ती परत मिळत नाहीत. बुडालेल्या माणसाच्या फुप्फुसात गेलेले पाणी सहसा थोडेच असते आणि ते रक्तात झिरपूनही जाते. पोट दाबून बाहेर येते ते पोटातले पाणी आणि अन्न, आणि तेच उलटून श्वासनलिकेत जाते. त्या माणसाला कमी पडलेली आहे ती हवा. प्राणवायूशिवाय मेंदूला चार-पाच मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. गोसीखुर्दच्या काठावर त्या वेळात रुग्णवाहिका पोहोचणार नाही. कुठल्याच धरणाच्या काठावर पोहोचत नाही.

म्हणून त्याला कडक जमिनीवर उताणे ठेवावे. हलवून, हाक मारून प्रतिसाद पाहावा. श्वास नसेल, किंवा अधूनमधून नुसतेच गचके येत असतील, तर कपाळ मागे झुकवून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरावे, तोंडाला तोंड लावून श्वास द्यावा आणि छाती उचलली जाते का ते पाहावे. तान्ह्या बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यावे. सुरुवातीला असे दोन ते पाच श्वास. मग छातीच्या मध्यावर, दोन्ही हातांनी, ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसात सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मुलात छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० दाब, मदत पोहोचेपर्यंत किंवा तो श्वास घेऊ लागेपर्यंत.

येथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. हृदयविकाराच्या झटक्यात माणूस कोसळला तर नुसता छातीवर दाब देण्याचा सल्ला आता सर्वत्र दिला जातो, कारण त्याच्या रक्तात काही काळ प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे. त्याला केवळ दाब पुरत नाही, श्वास लागतोच. तोंडाला फेस आला असेल तर तो पुसत बसू नये, त्यातूनच श्वास द्यावा. उलटी झाली तर एका कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुढे चालू ठेवावे. श्वास घ्यायला लागला की कुशीवर ठेवावे, ओले कपडे काढून कोरड्या चादरीत गुंडाळावे. डिसेंबर-जानेवारीत भंडाऱ्यातल्या थंडीत हे विसरून चालत नाही.

हे तंत्र वाचून येत नाही. ते पुतळ्यावर एकदा तरी हाताने करून पाहावे लागते. त्याला एक दुपार पुरते. शाळेतली मोठी मुले, बोटचालक आणि धरणावरचे सुरक्षारक्षक यांना ते शिकवण्यासाठी जलपर्यटन प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने फारसे काही लागणार नाही.

पाण्याच्या स्वच्छतेचे प्रकरणही आहेच, पण थोडक्यात. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि या जलाशयात साठते. त्यामुळे बॅकवॉटरचे पाणी पिऊ नये, त्यात भाज्या आणि भांडी धुऊ नयेत, चूळही भरू नये. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये, उतरून आल्यावर साध्या पाण्याने आणि साबणाने अंग धुवावे. घरून पाण्याचे दोन कॅन जास्त न्यावेत. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा तर हे अधिकच, कारण जलाशयाच्या काठावर सावली नसते आणि पाण्यावरून परतणारे ऊन चेहऱ्यावर येते. पाण्यात पाय आहेत म्हणून शरीर तापत नाही, असे नसते. उन्हाळ्यात सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत सावलीत यावे. गाडीच्या बंद काचेआड मूल दोन मिनिटेही ठेवू नये.

आणि शेवटची गोष्ट, जी बहुतेक घरांत निसटते. मूल पाण्यात गेले, कुणीतरी लगेच ओढून काढले, थोडा खोकला आला, रडले, मग बिस्कीट खाऊन पुन्हा खेळू लागले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि सहल पुढे सुरू होते. अशा मुलाच्या फुप्फुसात थोडे पाणी गेले असेल तर सूज काही तासांनी वाढते. म्हणून खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल नेहमीपेक्षा सुस्त किंवा चिडचिडे वाटत असेल किंवा उलट्या होत असतील, तर घरी न जाता सरळ रुग्णालयात न्यावे. जो क्षणभर जरी बेशुद्ध झाला किंवा ज्याला श्वास द्यावा लागला, त्याला तर बरा दिसत असला तरी नेलेच पाहिजे. तेथे त्याच्या रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण मोजतात, छाती तपासतात आणि सहा ते आठ तास नजरेखाली ठेवतात. पवनीला ग्रामीण रुग्णालय आहे, भंडाऱ्याला जिल्हा सामान्य रुग्णालय. काठावर मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे १०८ लागला नाही तर आपल्याच गाडीने निघावे, आणि रस्त्यात एकाने मागच्या सीटवर मुलाचा श्वास पाहत बसावे.